स्टुअर्डचा पगार कुठे जातो?

ब्रिटनमधल्या उन्हाळी संगीत महोत्सवांसाठी स्टुअर्डांचे, म्हणजे फाटकं, रांगा आणि तंबूंची मैदानं सांभाळणाऱ्या विनावेतन स्वयंसेवकांचे, अर्ज सुरू झाले की एक वाद हमखास उकरून काढला जातो. एका बाजूचं म्हणणं असं की, धर्मादाय संस्थेचं नाव पुढे करून बक्कळ कमावणारे महोत्सव तरुणांना फुकट राबवून घेतात. ही चमकत्या जॅकेटातली वेठबिगारी आहे. दुसरी बाजू म्हणते, जबरदस्ती कुणी केली? पावणेचारशे पौंडांचं तिकीट पदरात पडतं, वर चांगल्या कामाला हातभार लागतो, मग ओरड कशाची? दोघंही तिकिटापाशीच अडून बसतात. ते पुरेसा मोबदला आहे की अपुरा, एवढ्यावर सगळी लढाई. पण स्टुअर्डने जो पगार घेतला नाही तो गेला कुठे, हे कुणी विचारतच नाही. माझं मत स्पष्ट आहे. धर्मादाय संस्थांमार्फत स्टुअर्ड घेण्याची पद्धत चांगली आहे आणि ती टिकायला हवी. मात्र स्वयंसेवकाने सोडलेला पगार आयोजकाच्या खिशात राहता कामा नये. दर तासामागे निदान कायदेशीर किमान वेतनाइतकी रक्कम संस्थेच्या खात्यात पडली पाहिजे. पडत असेल तर ती सेवा. पडत नसेल तर वेठ म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे, मग राबणारा कितीही हौसेने आलेला असो.

व्यवस्था नेमकी काय आहे ते आधी पाहू, कारण वादात ती बहुतेक वेळा अर्धवटच सांगितली जाते. सॉमरसेटमधल्या वर्दी फार्मवर भरणारा ग्लॅस्टनबरी महोत्सव हे सगळ्यांत ठळक उदाहरण. मायकल ईव्हिस या दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याने 1970 साली तो एक पौंडाच्या तिकिटावर सुरू केला, आणि त्या पौंडात शेतावरचं दूधही फुकट दिलं. 1981 पासून महोत्सवाचा पैसा चळवळींकडे वळू लागला. आधी सीएनडी ही अण्वस्त्रविरोधी संघटना, पुढे पर्यावरणासाठी लढणारी ग्रीनपीस, दारिद्र्याविरुद्ध काम करणारी ऑक्सफॅम आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना राबवणारी वॉटरएड. ऑक्सफॅम तिथे 1993 पासून स्टुअर्ड पुरवते. साचा ठरलेला आहे: सव्वाआठ तासांच्या तीन पाळ्या, साधारणपणे एक सकाळची, एक दुपारपासून रात्रीपर्यंतची, एक रात्रभराची. पाळ्या एकमेकींवर पंधरा मिनिटं चढतात, त्यामुळे जाणारा स्टुअर्ड येणाऱ्याला जागेची हकीकत सांगूनच हलतो. अर्जासोबत अनामत रक्कम भरावी लागते. मोठ्या महोत्सवात ती तिकिटाच्या किमतीच्या आसपास असते, आणि तिन्ही पाळ्या झाल्या की परत मिळते. आयोजक पैसे देतो ते संस्थेला. स्टुअर्डच्या वाट्याला प्रवेशाची मनगटपट्टी, तंबूपुरती जागा, पाळीमागे जेवणाचं कुपन आणि सुपरवायझरने दिलेला वॉकी-टॉकी. पिशव्या तपासणं, माणसाला धरून बाहेर काढणं ही कामं त्याची नव्हेत. ती 2001 च्या खासगी सुरक्षा उद्योग कायद्याखाली परवाना काढलेल्या रक्षकांची.

आता हिशेब. 2025 सालचे आकडे घेऊ. तीन पाळ्या म्हणजे पावणेपंचवीस तास. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी किमान वेतन त्या एप्रिलपासून तासाला 12.21 पौंड होतं. गुणाकार 302 पौंड. ग्लॅस्टनबरीचं तिकीट बुकिंग शुल्क धरून 378.50 पौंड. म्हणजे तिकीटच 76 पौंडांनी जड, आणि इथे समर्थक वाद मिटला म्हणून मोकळे होतात. मिटला का? ब्रिटनमध्ये किमान वेतन वस्तूंच्या रूपात फेडता येत नाही. राहण्याच्या जागेपोटी ठरावीक रक्कम धरता येते. जेवण, कपडे, तिकीट यांतलं काहीही वेतनात मोजलं जात नाही. शिवाय 378.50 ही किंमत पाच दिवस मोकळेपणी हिंडणाऱ्याच्या आनंदाची आहे. रात्री पावणेदहा ते पहाटे सहा फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसाचा त्या रात्रीचा मुख्य मंच तर बुडतोच, दुसऱ्या दिवसाची दुपारही झोपेत जाते. आणि आयोजकाला त्या प्रवेशाचा खर्च किती पडतो? मोठ्या महोत्सवात प्रेक्षकांची तिकिटं आणि काम करणाऱ्यांचे पास सहसा वेगळे मोजलेले असतात, त्यामुळे एक स्टुअर्ड कमी केला म्हणून एक तिकीट जास्त विकता येत नाही. स्टुअर्डच्या दृष्टीने जे पावणेचारशे पौंडांचं, ते देणाऱ्याला जवळपास फुकट पडतं. अशा वस्तूला मोबदला म्हणून दोन्ही बाजूंना सारखं वजन कसं देता येईल?

तिकीट हा मोबदला आहे असं म्हणणारे आपल्याच फांदीवर कुऱ्हाड चालवतात ती वेगळीच. 1998 च्या राष्ट्रीय किमान वेतन कायद्याचं कलम 44 स्वयंसेवी कामगारांना किमान वेतनातून वगळतं. ही सूट धर्मादाय संस्था, स्वयंसेवी संघटना, त्यांच्यासाठी निधी उभारणाऱ्या संस्था आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्था यांच्याकडे काम करणाऱ्यांपुरती आहे. तिची अटही कडक: खर्चाच्या भरपाईपलीकडे पैसे नाहीत, आणि वाजवी जेवण, निवास आणि कामाचं प्रशिक्षण यांपलीकडे वस्तुरूप लाभ नाही. म्हणजे तिकीट हा घसघशीत लाभ आहे असं ठासून सांगाल, तितका त्या सवलतीचा पाया ठिसूळ कराल. खरं तर मनगटपट्टी हे कामाच्या जागी पोचण्याचं साधन आहे. रेल्वेच्या टीसीला गाडीत चढू दिलं म्हणून कुणी त्याचा पगार कापत नाही. पण या कलमातली माझ्या मते मोठी गोष्ट वेगळी आहे. नफ्यासाठी चालणारी कंपनी या सवलतीवर स्वतः दावा सांगू शकत नाही. विनावेतन माणूस कायदेशीरपणे फाटकावर उभा करायचा तर मध्ये संस्था हवीच. संस्थेचं नाव ही त्या कुलपाची किल्ली आहे, आणि किल्लीचं मोल आयोजकाने मोजायला नको का? मोल किती, हे ठरवायला नवं शास्त्र नको. तोच माणूस त्याच फाटकावर पगारी उभा केला असता तर जेवढं लागलं असतं, तेवढं.

विरोधकांचा सगळ्यांत जोरकस मुद्दा असा की, फुकटचा माणूस पगारी माणसाची नोकरी खातो. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जून 2012 मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त थेम्स नदीवर नौकांची मिरवणूक निघाली. त्या दिवशी स्टुअर्ड म्हणून उभं राहायला ब्रिस्टल, बाथ आणि प्लिमथहून बसने बेकार माणसं आणली गेली. त्यांतल्या काहींना उमेदवारीचं तुटपुंजं वेतन होतं, काहींना कामाचा अनुभव या नावाखाली काहीच नव्हतं. पहाटेपूर्वी त्यांना लंडन ब्रिजखाली उतरवलं आणि तिथेच थंडीपावसात पडून राहायला सांगितलं. त्यांना 'नाही' म्हणण्याची सोय कितपत होती? ही वेठच होती, आणि ती स्वयंसेवेच्या शब्दांत गुंडाळलेली होती. पण याच उदाहरणात उत्तरही दिसतं. तिथे राबणाऱ्याचा पगार ना त्याला मिळाला, ना त्याने निवडलेल्या एखाद्या कामाला. तो वाचला, आणि वाचवणाऱ्यापाशीच राहिला. संस्थेला पूर्ण दर मिळत असेल तर आयोजकाला स्वयंसेवक घ्या किंवा पगारी माणूस घ्या, खर्च सारखाच. मग तो स्वस्ताई म्हणून स्वयंसेवक घेणार नाही. घेतलाच तर कामासाठी घेईल. नोकरी खाण्याची भीती जिथून उगवते ती दरांतली तफावत आहे, आणि तफावत मिटवणं हाच त्यावरचा इलाज. स्वयंसेवा बंद करून फक्त इतकंच होईल की, वर्षातून एकदा सुट्टी काढून तीन पाळ्या करणाऱ्या परिचारिकेला किंवा शिक्षकाला आपली तीनशे पौंडांची मेहनत पाण्याच्या एखाद्या योजनेला देता येणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. गर्दी सांभाळणं हौशी माणसाचं काम नव्हे, असं म्हणणारे डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डेकडे बोट दाखवतात. हजारो स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या त्या महोत्सवात 30 जून 2000 च्या रात्री मंचापुढच्या रेट्यात नऊ जण गुदमरून गेले. माणसं पडल्याचं लक्षात येण्यापासून संगीत थांबेपर्यंत मोलाची मिनिटं निघून गेली. हे मान्यच केलं पाहिजे. पण मग पुढचंही बघा. 2010 साली जर्मनीतल्या ड्युइसबर्गच्या लव्ह परेड या संगीतमेळ्यात बोगदा आणि उतार यांच्या कोंडीत 21 जण मेले. 2021 साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड संगीत महोत्सवात दहा. 2017 साली मँचेस्टर अरीना या कार्यक्रमगृहातल्या बॉम्बस्फोटात 22. तिथे तर एका तरुण पगारी रक्षकाला हल्लेखोराचा संशय आला होता, पण रेडिओवरून त्याचा नियंत्रण कक्षाशी संपर्कच झाला नाही, असं नंतरच्या न्यायिक चौकशीत नोंदवलं गेलं. या ठिकाणी पगार मिळत होता म्हणून काय वाचलं? रॉस्किल्डेने त्या दुर्घटनेनंतर स्वयंसेवक सोडले नाहीत. मंचापुढे मोजकी माणसं सोडणारी कुंपणं उभारली आणि सुरक्षा दलाचं प्रशिक्षण बदललं. ब्रिटनच्या किनाऱ्यावर वादळात नाव घालणारी आरएनएलआय ही बचाव संस्था 1824 पासून मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते, आणि बुडणारा माणूस त्यांचा पगार विचारत नाही. त्यांच्यापाशी सराव आहे, साधनं आहेत, आणि कोण कुणाला हाक देणार हे ठरलेलं आहे. उलट टोकाचं उदाहरण 6 डिसेंबर 1969 चं, कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँटच्या संगीत मैफलीचं. मंचाभोवती हेल्स एंजल्स या मोटरसायकल टोळीला बसवलं होतं, 500 डॉलरच्या बिअरच्या बोलीवर असं सांगितलं जातं. प्रेक्षकांतला एक तरुण भोसकला गेला. मोबदला वस्तूत होता हा त्या रात्रीचा सगळ्यांत छोटा दोष. ज्यांना आपलं काम काय हेच कुणी सांगितलं नव्हतं त्यांच्या हाती गर्दी दिली, हा मोठा.

म्हणून स्टुअर्डला काय येतं आणि त्याला कुठे उभं केलंय, हे बघायला हवं. प्रवेशाच्या रांगेपासून सुरू करू. ब्रिटनच्या क्रीडांगणांसाठीच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं बाहेर पडतात असं धरतात, म्हणजे तासाला 4,920. पण आत येताना एका फिरत्या फाटकातून तासाला 660 हून जास्त धरायची नाहीत. सातपटीहून अधिक फरक. मैदान आणि शेत सारखं नसतं, तरी तत्त्व तेच: तासाला पाच हजार माणसं येणार असतील तर निदान आठ लेन हव्यात, आणि सहाच उघडल्या तर दर तासाला हजाराहून जास्त माणसं मागे साचत जाणार. धोका साचतो तो रांगेच्या शेपटीला. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, तो रेटतो. पुढच्याला मागे वळता येत नाही. म्हणून अनुभवी सुपरवायझर सगळे स्टुअर्ड फाटकावर लावत नाही. एक जण शेपटीला ठेवतो, आणि रांग ठरलेल्या खांबापलीकडे गेली की तो कळवतो. दर चौरस मीटरला दोन माणसं असतील तोवर गर्दी चालते. चारला अंगाला अंग लागतं. पाच-सहाच्या पुढे गेली की माणसाची पावलं त्याची राहत नाहीत, जमाव पाण्यासारखा हेलकावे घेतो. हे ओळखायला उपकरण लागत नाही. लोकांचे हात छातीपाशी आलेत का, डोकी एकत्र एका दिशेला झुकतायत का, हे बघायचं. शिकवायला अर्धा तास पुरतो. न शिकवलेला माणूस मात्र रात्रभर उभा राहिला तरी त्याला ते दिसत नाही.

तंबूंच्या मैदानात चुका वेगळ्या होतात. अग्निशमनाची गाडी जाण्यासाठी इमारतींच्या नियमांत रस्ता 3.7 मीटर आणि फाटक 3.1 मीटर मोकळं लागतं. शेतातली वाटही त्याच हिशेबाने आखतात, पण तिच्या कडा म्हणजे फवाऱ्याने मारलेली एक रेघ. पहिल्या दिवशी लोक सामान ओढत येतात, थकलेले असतात, रेघेवर खुंटी ठोकतात. पहिला तंबू उठवायला दोन मिनिटं लागतात, शेजारी चार उभे राहिले की तासभर, आणि रात्री माणसं झोपल्यावर जवळपास अशक्य. म्हणून या कामाचा खरा वेळ पहिले सहा तास, आणि नेमके तेव्हाच बरेच आयोजक जास्तीत जास्त स्टुअर्ड प्रवेशद्वारावर ओढतात. ही चूक वर्षानुवर्षं होते. पहाटेच्या थंडीत कुणी विझलेली वाटणारी शेगडी उबेसाठी तंबूत घेतो; कोळसा राखेखाली धुमसत असतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडी आत जाताना दिसली तर ती बाहेर काढायला लावायची, हे स्टुअर्डने संकोच न करता करावं लागतं. हरवलेलं मूल सापडलं तर त्याचं नाव रेडिओवर घ्यायचं नाही, एकट्याने सोबत जायचं नाही, दोघांनी थांबायचं. 'मी तिची आई' म्हणत कुणी धावत आलं तरी तिथल्या तिथे सोपवायचं नाही, ठरलेल्या केंद्रावर न्यायचं. मनगटपट्टीची कडी एकाच दिशेने सरकते. ती सैल असेल, कापून चिकटवलेली वाटली, तर ओढाताण करायची नाही. बाजूला घ्यायचं, रेडिओवर रक्षकाला हाक द्यायची. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं ठिकाण. बटण दाबून क्षणभर थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा ठिकाणाचाच असतो.

या सगळ्यात पगाराचा संबंध कुठे येतो? थकव्यात येतो, असं विरोधक म्हणतील आणि तिथे त्यांचं बरंच खरं आहे. स्वयंसेवक दोन पाळ्यांच्या मधला वेळ विश्रांतीसाठी नव्हे, संगीतासाठी वापरतो. तिसरी पाळी रात्रीची असेल तर पहाटे चारला तो उभ्याउभ्या पेंगतो. याला 'जबाबदारीची जाणीव ठेवा' हे उत्तर नाही. रात्रीच्या पाळीला दोघांची जोडी, दर दोन तासांनी जागेची अदलाबदल, आणि रात्रीची पाळी शक्यतो पहिल्या निम्म्यात, हे वेळापत्रकातच बसवावं लागतं. उलट बाजूला, पगारी एजन्सीचा माणूस कितीदा त्याच सकाळी तीन तासांच्या प्रवासानंतर जागेवर उतरतो, मैदानाचा नकाशा पहिल्यांदा पाहतो आणि रात्री परत जातो. संस्थेच्या स्टुअर्डांत मात्र दरवर्षी तेच तेच चेहरे परततात. पाऊस झाला की कुठल्या फाटकापाशी चिखल होतो, कुठल्या चौकात दोन मंचांची गर्दी समोरासमोर येते, हे त्यांना पाठ असतं. 2000 साली ग्लॅस्टनबरीत कुंपण ओलांडून इतके लोक घुसले की 2001 ला महोत्सव झालाच नाही, आणि 2002 ला नवं अजस्र कुंपण घेऊनच तो परतला. कुंपण गरजेचं होतंच. पण कुंपणाला फाटकं असतात, आणि फाटक ओळखणारी माणसं विकत आणली तरी पहिल्या वर्षी नवीच असतात.

अनामत रकमेच्या बाबतीत मात्र संस्थांचं मला पटत नाही. पट्टी घालून आत शिरायचं आणि पाळीला तोंड दाखवायचं नाही, असं करणारे असतात, हे खरं. एका फाटकावर पाचऐवजी तीनच आले तर त्या तिघांना जेवायलाही जाता येत नाही. अनामत हा त्यावरचा उपाय आहे. पण पावणेचारशे पौंड काही महिने अडकवून ठेवणं ज्याला जमतं तोच स्वयंसेवक होऊ शकतो, आणि मग सेवा ही बऱ्या स्थितीतल्यांची मक्तेदारी होते. हप्ते ठेवा, कॉलेजची किंवा नोकरीच्या ठिकाणची हमी चालवा, आधीच्या वर्षी तिन्ही पाळ्या केलेल्याची रक्कम निम्मी करा. संस्था दारिद्र्याविरुद्ध लढणारी असेल तर तिच्या दारातच ही पायरी इतकी उंच का?

छोट्या महोत्सवांना पूर्ण दर परवडणार नाही, हा शेवटचा आक्षेप. ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत अनेक छोटे महोत्सव बंद पडले आहेत, त्यामुळे भीती पोकळ नाही. पण गावाने मिळून भरवलेला, कुणाच्याही खिशात नफा न जाणारा लोकसंगीताचा मेळा स्वतःच स्वयंसेवी असतो. तिथे सगळेच पदरमोड करतात, आणि कुणाचा पगार कुणाकडे राहत नाही. प्रश्न आहे तो भागधारकांना लाभांश देणाऱ्या आयोजकाचा. त्याला रोषणाईवाला, जनरेटरवाला, शौचालयवाला पूर्ण दराने घेणं परवडतं. फक्त फाटकावरच्या माणसापाशी येऊनच त्याची परिस्थिती कशी हलाखीची होते?

करारात एक ओळ लागेल: स्टुअर्डच्या प्रत्यक्ष तासांना त्या वर्षीच्या किमान वेतनाने गुणून येणारी रक्कम, वर संस्थेचा प्रशिक्षणाचा, सुपरवायझरांचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा. महोत्सव संपल्यावर संस्थेने तीन आकडे जाहीर करावेत: किती तास, कोणत्या दराने, एकूण किती. अनामत भरण्याआधी अर्जदारानेही विचारावं की दर काय आहे, ब्रीफिंग किती वेळाचं आहे, रात्रीच्या पाळीला जोडी असते का, आणि जेवायला जाताना जागेवर कोण उभं राहतं. पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळालं नाही तर अर्ज दुसऱ्या संस्थेकडे करावा. उन्हाळा लांब असतो आणि स्टुअर्ड सगळ्यांनाच हवे असतात.